जंतूंचा सीट नंबर

उन्हाळा लागला की होस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद हमखास येतो : "पाणी उकळून प्यावे." वाचतात सगळे, उकळत कुणीच नाही. कारण टाकीतलं पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं, आणि जारमधलं तर थंडही असतं. पण थंड म्हणजे शुद्ध नव्हे आणि स्वच्छ दिसणं म्हणजे निर्जंतुक नव्हे. मग आठवड्यात एका विंगमधली चार पोरं संडासाच्या रांगेत भेटतात, कुणी मेसला शिव्या देतो, कुणी टाकीला. खरं कारण कोणतं हे सांगायचं तर त्या जंतूचं नाव कळायला पाहिजे.

हे नाव आज लॅबमध्ये किट किंवा मशीन सांगतं. रिपोर्टवर जंतूचं नाव येतं आणि पुढे छापलेलं असतं : ९९ टक्के. आपण इंजिनिअरिंगवाले. प्रिंटआऊट आला की आपला विश्वास बसतो! पण हे ९९ टक्के नेमके कशाचे, ते मशीन कसं काढतं आणि त्यावर किती विसंबायचं, हे समजून घेणं हाच आजच्या लेखाचा विषय आहे. घाबरू नका. बारावीचं बायोलॉजी विसरला असाल तरी चालेल, फर्स्ट इयरचं गणित पुरे आहे.

आधी जुनी पद्धत

सूक्ष्मजीव ओळखायचे म्हणजे नुसतं मायक्रोस्कोपखाली बघायचं, असं आपल्याला वाटतं. पण मायक्रोस्कोपखाली शेकडो जातींचे जंतू सारखेच दिसतात : बारीक काड्या नाहीतर बारीक ठिपके. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये रंग देण्याची पद्धत काढली. तिच्यामुळे जंतूंचे दोन मोठे गट पडले, जांभळे राहणारे ग्राम पॉझिटिव्ह आणि गुलाबी दिसणारे ग्राम निगेटिव्ह. पण हे म्हणजे गर्दीतल्या माणसांची विभागणी नुसत्या शर्टाच्या रंगावरून करण्यासारखं झालं. नाव अजून कळलेलं नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा रस्ता धरला. जंतू दिसतो कसा हे सोडा, तो खातो काय आणि टाकतो काय ते बघा. कुणी लॅक्टोज नावाची साखर पचवतो, कुणाला ती पचत नाही. कुणी युरिया फोडतो, कुणी हायड्रोजन सल्फाईड सोडतो. प्रत्येक सवयीसाठी एक टेस्ट ट्यूब, आणि प्रत्येक ट्यूबमध्ये रंग बदलला की नाही याची नोंद.

नांदेड-लातूरच्या सायन्स कॉलेजांत मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या मित्राला विचारा. 'इम्विक' हा शब्द त्याला झोपेतही आठवतो. इंडोल, मिथाईल रेड, व्होजेस-प्रोस्काऊर आणि सायट्रेट या चार टेस्टचं हे टोपणनाव. ई. कोलायचं उत्तर साधारणपणे प्लस, प्लस, मायनस, मायनस. क्लेबसिएलाचं बरोबर उलटं : मायनस, मायनस, प्लस, प्लस. प्रॅक्टिकलच्या व्हायवात हा प्रश्न ठरलेलाच.

चार टेस्टने काम भागत नाही, वीस-पंचवीस लागतात. म्हणजे एका सॅम्पलला वीस-पंचवीस ट्यूब, तेवढी माध्यमं शिजवायची, ऑटोक्लेव्ह करायची, लेबलं लावायची. रोज पन्नास सॅम्पल येणाऱ्या हॉस्पिटलात हे कसं परवडणार? इथे किटचा जन्म झाला.

पट्टी, रंग आणि सात आकडे

१९७० च्या सुमारास 'एपीआय २० ई' नावाची पट्टी आली. प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर वीस छोट्या कुप्या, प्रत्येक कुपीत वेगळं रसायन सुकवून ठेवलेलं. जंतू मिठाच्या पाण्यात कालवायचा, ड्रॉपरने प्रत्येक कुपीत सोडायचा, काही कुप्यांवर हवा लागू नये म्हणून तेलाचा थर द्यायचा आणि पट्टी १८ ते २४ तास इन्क्युबेटरमध्ये ३६ अंशाच्या आसपास ठेवायची. दुसऱ्या दिवशी रंग बघायचे. ग्लुकोजची कुपी निळ्याची पिवळी झाली तर प्लस, युरियाची पिवळ्याची लाल झाली तर प्लस, हायड्रोजन सल्फाईडच्या कुपीत काळा साका बसला तर प्लस. आपल्याकडे मुंबईच्या हायमीडिया कंपनीची अशीच किट्स मिळतात, त्यामुळे ही गोष्ट आता फक्त परदेशी राहिलेली नाही.

आता खरी गंमत. वीस कुप्या आणि एक वेगळी केलेली ऑक्सिडेज टेस्ट मिळून एकवीस उत्तरं. एकवीस प्लस-मायनस लक्षात कोण ठेवणार? म्हणून त्यांचे तीन-तीनचे सात गट केले. गटातली पहिली टेस्ट प्लस असेल तर १ गुण, दुसरी असेल तर २, तिसरी असेल तर ४. मायनसला शून्य. बेरीज केली की प्रत्येक गटाला ० ते ७ मधला एक आकडा मिळतो. सात गटांचे सात आकडे. झाला तयार जंतूचा सीट नंबर!

लिनक्समध्ये फाईलची परवानगी देताना आपण 'सीएचमॉड ७५५' मारतो, तिथेही हेच ४-२-१ आहे. तीन बिटचा बायनरी आकडा ऑक्टलमध्ये लिहिला, बाकी काही नाही. ई. कोलायचा एक नेहमीचा नंबर असा तयार होतो :

गट १ : ओएनपीजी +, एडीएच −, एलडीसी + म्हणजे १ + ० + ४ = ५
गट २ : ओडीसी +, सायट्रेट −, हायड्रोजन सल्फाईड − म्हणजे १ + ० + ० = १
गट ३ : युरिया −, टीडीए −, इंडोल + म्हणजे ० + ० + ४ = ४
गट ४ : व्हीपी −, जिलेटिन −, ग्लुकोज + म्हणजे ० + ० + ४ = ४
गट ५ : मॅनिटॉल +, इनोसिटॉल −, सॉर्बिटॉल + म्हणजे १ + ० + ४ = ५
गट ६ : ऱ्हॅम्नोज +, सुक्रोज +, मेलिबायोज + म्हणजे १ + २ + ४ = ७
गट ७ : अमिग्डालिन −, अरॅबिनोज +, ऑक्सिडेज − म्हणजे ० + २ + ० = २

नंबर झाला ५१४४५७२. टेस्टची नावं पाठ करायची गरज नाही, रीत समजली म्हणजे झालं. हा नंबर कोडबुकात शोधायचा, आता सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, की समोर नाव येतं.

एकवीस टेस्ट म्हणजे २ चा २१ वा घात, २०,९७,१५२ वेगवेगळे नंबर. पण पट्टीच्या यादीत जंतू आहेत शंभराच्या घरात. मग उरलेल्या लाखो नंबरांचं काय? शिवाय एकाच जातीच्या सगळ्या जंतूंचा नंबर एकच नसतो. सुक्रोज न पचवणारे ई. कोलाय भरपूर असतात, त्यांचा नंबर ५१४४५५२ येतो. म्हणजे सीट नंबरसारखा 'एक नंबर, एक विद्यार्थी' असा हिशोब इथे नाही. इथे शक्यतेचं गणित येतं. ते बघण्याआधी मशीनकडे एक नजर टाकू.

मशीन काय वेगळं करतं?

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅकडोनेल डग्लस या विमान बनवणाऱ्या कंपनीने नासाच्या अंतराळ मोहिमांसाठी जंतू आपोआप शोधणाऱ्या यंत्रावर काम सुरू केलं. यानात बसायला जागा कमी, माणूस नाही, म्हणून सगळं छोट्या कार्डात कोंबायचं. त्या कामातून पुढे 'व्हायटेक' हे हॉस्पिटलचं मशीन निघालं. आज ते फ्रान्सच्या बायोमेरियू कंपनीचं आहे.

एटीएम कार्डाएवढं एक कार्ड, त्यात ६४ बारीक खाचा. मशीन जंतूचं द्रावण आपोआप कार्डात ओढून घेतं, कार्ड सील करतं, उबेत ठेवतं आणि दर १५ मिनिटांनी प्रत्येक खाचेतून प्रकाश सोडून रंग आणि गढूळपणा मोजतं. आपण दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच बघतो, ते रात्रभर बघत असतं. म्हणून उत्तर बऱ्याचदा १० तासांच्या आत येतं.

पण तत्त्व? तेच! खाचेत टाका, रंग बघा, प्लस-मायनस लिहा, यादीशी जुळवा. मशीनने हात आणि डोळे बदलले, डोकं तेच ठेवलं. आणि दोन गोष्टी अजूनही माणसाच्याच हातात आहेत. एक म्हणजे द्रावणाचा गढूळपणा. तो मॅकफारलँड ०.५ च्या आसपास लागतो, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये साधारण १५ कोटी जंतू. जास्त दाट झालं की नुसत्या गर्दीने रंग बदलतात, पातळ झालं की बदलतच नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, ती म्हणजे शुद्ध कल्चर. प्लेटवरची एकच सुटी कॉलनी उचलायची. दोन जातींचे जंतू मिसळले तर एक साखर पचवतो, दुसरा युरिया फोडतो आणि मशीन दोघांचे प्लस एकत्र करतं. रूममधल्या चौघांचे पेपर एकत्र शिवून एकाच सीट नंबरवर तपासले तर जो निकाल लागेल, तो कुणाचाच नसतो. तसंच हे. मशीन मात्र कुरकुर न करता काहीतरी नाव छापून मोकळं होतं.

९९.८ टक्के, तरीही चूक

आता वही-पेन घ्या. समजा आपल्या किटच्या यादीत दोनच जंतू आहेत, ई. कोलाय आणि क्लेबसिएला न्यूमोनिए. टेस्टही फक्त इम्विकच्या चार. कोणती टेस्ट शंभरातल्या किती जंतूंना प्लस येते याचे तक्ते पाठ्यपुस्तकांत असतात :

ई. कोलाय : इंडोल ९८, मिथाईल रेड ९९, व्हीपी ०, सायट्रेट १.
क्लेबसिएला : इंडोल ०, मिथाईल रेड १०, व्हीपी ९८, सायट्रेट ९८.

शून्याने गुणलं तर सगळंच शून्य होतं, म्हणून ० च्या जागी १ टक्का आणि १०० च्या जागी ९९ धरायची पद्धत आहे.

आता एक सॅम्पल आलं. उत्तरं : इंडोल प्लस, मिथाईल रेड प्लस, व्हीपी मायनस, सायट्रेट प्लस. म्हणजे तीन उत्तरं ई. कोलायसारखी, पण सायट्रेटचं वेगळं. गुणाकार करू.

ई. कोलाय असेल तर : ०.९८ × ०.९९ × ०.९९ × ०.०१ = ०.००९६
क्लेबसिएला असेल तर : ०.०१ × ०.१० × ०.०२ × ०.९८ = ०.००००२

दोघांची बेरीज करून ई. कोलायचा वाटा काढला तर येतो ९९.८ टक्के. रिपोर्टवर छापणार : ई. कोलाय, ९९.८ टक्के. सही, शिक्का, काम खल्लास!

पण थांबा. हीच चार उत्तरं देणारा तिसरा एक जंतू आहे, सिट्रोबॅक्टर कोसेरी. त्याचे आकडे : इंडोल ९९, मिथाईल रेड १००, व्हीपी ०, सायट्रेट ९९. त्याचा गुणाकार येतो ०.९६. त्याला यादीत घेतलं की ई. कोलायचा वाटा ९९.८ वरून घसरून १ टक्क्यावर येतो आणि सिट्रोबॅक्टर ९९ वर जातो. सॅम्पल तेच, रंग तेच. फक्त यादीत एक नाव वाढलं.

बघितलंत? ते ९९.८ टक्के 'हा ई. कोलाय असण्याची खात्री' नव्हतेच. ते होते 'माझ्या यादीतल्या नावांपैकी निवडायचंच झालं तर' या अटीवरचे. दोन उमेदवारांच्या निवडणुकीत एक जण मोठ्या फरकाने निवडून येतो, म्हणून तो लायक ठरत नाही. समोरचा त्याहून नालायक होता एवढंच सिद्ध होतं.

मग चूक पकडायची कशी? त्यासाठी दुसरा एक आकडा बघायचा. अगदी नमुनेदार ई. कोलायचा गुणाकार किती आला असता? ०.९८ × ०.९९ × ०.९९ × ०.९९, म्हणजे ०.९५. आपल्या सॅम्पलचा आला ०.००९६. म्हणजे नमुन्याच्या तुलनेत फक्त १ टक्का. हा आकडा ओरडून सांगतोय की यादीत हा पहिला आला खरा, पण ई. कोलायसारखा वागत नाही, पुन्हा तपासा. चांगल्या किटच्या सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारीच्या शेजारी असा 'नमुन्याशी जुळणी' सांगणारा दुसरा आकडा असतो. एपीआयमध्ये त्याला टी इंडेक्स म्हणतात, तो ० ते १ मध्ये असतो. बहुतेक जण मोठी टक्केवारी वाचतात आणि हा छोटा आकडा सोडून देतात. सगळी गोम तिथेच आहे.

यादीबाहेरचे जंतू

तुम्ही म्हणाल, खऱ्या मशीनच्या यादीत शेकडो जंतू असतात, तिथे असं कशाला होईल? होतं. कँडिडा ऑरिस नावाची एक बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा वेगळी काढली गेली. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. पुढे ती जगभरच्या हॉस्पिटलांत सापडली. आपल्या देशातले रुग्ण २०१३ मध्ये दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी नोंदवले. पण व्हायटेकच्या त्या वेळच्या यादीत हे नावच नव्हतं. मशीन शांतपणे जवळचं नाव छापायचं : कँडिडा हिम्युलोनिए. ऑरिसच्या बऱ्याच प्रकारांवर फ्लुकोनॅझोल हे नेहमीचं औषध चालत नाही आणि ती वॉर्डात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते. नाव चुकलं की औषध चुकतं, रुग्णाला वेगळं ठेवायचं राहून जातं. पुढे यादी सुधारली तेव्हा मशीन तिला ओळखायला लागलं. मशीन बदललं नाही, यादी बदलली!

हॉस्पिटलचं हे असं. मग मातीतल्या, तळ्यातल्या जंतूंचं काय? लांब जायला नको, आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर घ्या. तिथलं पाणी खारं आणि पीएच १० च्या आसपास. जून २०२० मध्ये हे सरोवर गुलाबी झालं आणि सगळ्या देशात चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा आहे. आता विचार करा, हे पाणी कुणी एपीआयच्या पट्टीत टाकलं असतं तर? ती पट्टी बनली माणसाच्या आतड्यातल्या जंतूंसाठी. लोणारचा जीव तिच्यात वाढलाच नसता. सगळे मायनस म्हणजे 'काही नाही' असा अर्थ कुणी लावला असता, आणि अख्खं सरोवर तर गुलाबी! याच लोणारमधून सापडलेल्या एका जंतूला २०१० मध्ये इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस हे नाव मिळालं. जातच नव्हे, वंशसुद्धा नवा. जो जगाच्या यादीतच नव्हता तो किटच्या यादीत कुठून असणार?

अशा वेळी डीएनएचा आधार घ्यावा लागतो. १६ एस नावाचं जनुक जवळपास प्रत्येक जिवाणूत असतं, त्याचा क्रम वाचून नातं शोधतात. दुसरी रीत म्हणजे मॅल्डी-टॉफ. जंतूवर लेसर मारून त्यातली प्रथिनं हवेत उडवायची आणि ठरावीक नळीतून पळवायची. ऊर्जा सगळ्यांना सारखी, म्हणजे हलकं प्रथिन आधी पोचणार, जड उशिरा. अर्धा एम व्ही स्क्वेअर, फिजिक्सवाल्यांनो! वेळेवरून वजन, वजनांच्या नक्षीवरून नाव, तेही काही मिनिटांत. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेला सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह, ज्याला आता नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स म्हणतात, तिथे या दोन्ही रीती वापरतात. पण मॅल्डीलाही यादी लागतेच, आणि ई. कोलाय व शिगेला हे दोघं इतके जवळचे की नेहमीच्या मॅल्डीला त्यांच्यातला फरक भरवशाने सांगता येत नाही. एक आपल्या आतड्यात गुपचूप राहणारा, दुसरा रक्ती हगवण लावणारा!

न विचारलेला प्रश्न

आता पुन्हा पाण्याकडे येऊ, कारण होस्टेलचा खरा संबंध पाण्याशी.

एप्रिल २०१६ आठवतो? आपण लहान होतो, पण घरच्यांना विचारा. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. या वाघिणी एरवी तेल वाहणाऱ्या. त्या आधी राजस्थानातल्या कोट्याला धुऊन घ्याव्या लागल्या आणि लातुरात उतरलेलं पाणी शुद्धीकरण केंद्रातून नेऊनच लोकांना दिलं गेलं. पाणी जितके हात बदलतं, तितक्या ठिकाणी जंतू शिरायला वाट मिळते. वाघीण, टँकर, टाकी, बादली, तांब्या.

गावोगावी यासाठी एक स्वस्त किट वापरतात, एचटूएस बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी ती काढली आणि १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. बाटलीत रसायनात भिजवून सुकवलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेत ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर विष्ठेची घाण मिसळल्याचा संशय. ना लाईट, ना मायक्रोस्कोप. हायड्रोजन सल्फाईड सोडणारे जंतू असतील तर लोहाशी संयोग होऊन काळं आयर्न सल्फाईड बनतं, एवढंच रसायनशास्त्र.

आता वरचा ई. कोलायचा तक्ता पुन्हा बघा. गट २, हायड्रोजन सल्फाईड : मायनस! म्हणजे विष्ठेचा सगळ्यात ओळखीचा जंतू ही बाटली काळी करतच नाही. काळी करतात त्याचे सोबती : साल्मोनेला, प्रोटियस, सिट्रोबॅक्टरच्या काही जाती, क्लॉस्ट्रिडियम. ते सहसा सोबत असतात म्हणून बाटली उपयोगी पडते. पण ती कुणाचंही नाव सांगत नाही. 'घाण मिसळली असावी का?' एवढ्याच प्रश्नाचं ती उत्तर देते.

प्रत्येक किट ठरावीक प्रश्न विचारतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते देत नाही, आणि 'नाही' असंही त्याचं म्हणणं नसतं. याचा ताजा धडा जानेवारी २०२५ मध्ये पुण्याने घेतला. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हे पुण्याजवळचं नांदेड, आपलं गोदावरीकाठचं नव्हे, बरं का. हातापायांतली ताकद जायची, काहींना व्हेंटिलेटर लागला. महिन्या-दोन महिन्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. याच्या कवचाची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या एका घटकासारखी असते. शरीर जंतूवर हल्ला करायला निघतं आणि आपल्याच मज्जातंतूंना मारतं.

हा जंतू कमी ऑक्सिजनमध्ये आणि ४२ अंशाला चांगला वाढतो, साखरा पचवतच नाही. नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये, नेहमीच्या पट्टीवर तो दिसणारच नाही. त्याला शोधायला त्याच्यासाठीचंच माध्यम किंवा जनुक शोधणारी पीसीआर टेस्ट लागते. म्हणजे आधी माणसाच्या डोक्यात संशय यायला लागतो, मग योग्य किट हातात येतं. हा क्रम मशीन उलटा करू शकत नाही.

आपल्या होस्टेलसाठी

एवढं वाचून काय करायचं? चार गोष्टी लगेच करता येतील.

एक. दर महिन्याला टाकी, कूलर आणि मेसचा नळ या तीन ठिकाणचं पाणी एचटूएस बाटलीने तपासा. नळाचं तोंड आधी स्वच्छ पुसून ज्योतीने शेका, दोन मिनिटं पाणी वाहू द्या, झाकणाच्या आत बोट लावू नका. थंडीत बाटली उबदार जागी ठेवा. बाटलीवर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहा.

दोन. बाटली काळी झाली तर नावासाठी वाद घालत बसू नका. पाणी बंद, टाकी धुणं, क्लोरीन चालू. वापरलेली बाटली ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून मगच फेका, आत कोट्यवधी जंतू वाढलेले असतात. आणि काळी झाली नाही तर ते शुद्धतेचं सर्टिफिकेट समजू नका.

तीन. रोजची तपासणी ओटी टेस्टने करा. गावात जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकल्यावर जी पिवळा रंग बघून करतो, तीच. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. जंतू शोधण्यापेक्षा त्यांना राहू न देणं कधीही सोपं.

चार. लॅबचा रिपोर्ट हातात आला की तीन प्रश्न विचारा. कल्चर शुद्ध होतं का? टक्केवारीसोबत नमुन्याशी जुळणी किती? आणि हा जंतू किटच्या यादीत आहे का, म्हणजे नसता तर आपल्याला कळलं असतं का? पिण्याच्या पाण्याचा भारतीय मानक आयएस १०५०० सांगतो की १०० मिलीलिटर पाण्यात ई. कोलाय सापडताच कामा नये. 'सापडू नये' याचा अर्थ शोधणाऱ्याने नीट शोधलं पाहिजे, असाही होतो.

कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांसाठी एक सूचना. वरचा गुणाकाराचा हिशोब म्हणजे पन्नास ओळींचा प्रोग्रॅम आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्याने पट्टीचे रंग वाचायचे, सात आकडी नंबर काढायचा आणि टक्केवारीच्या शेजारी जुळणीचा आकडाही तेवढ्याच मोठ्या अक्षरात दाखवायचा. जुळणी कमी असेल तर नाव न छापता सरळ लिहायचं : "माझ्या यादीत हा नाही, माणसाला विचारा." फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनी विचार करावा. गावागावांत पाणी तपासणाऱ्या ताईंच्या हातात असं काही पडलं तर मार्कांपेक्षा मोठं काम होईल.

थोडक्यात काय, किट हे उत्तम साधन आहे, ते वेळ वाचवतं आणि जीवही वाचवतं. पण ते देतं ते नाव म्हणजे निकाल नव्हे, ते आहे एका यादीतलं सगळ्यात जवळचं उत्तर. यादी कुणी केली, कशासाठी केली आणि आपलं सॅम्पल तिच्यात बसतं का, हे बघायचं काम अजून तरी आपलंच आहे. आणि हो, तोपर्यंत नोटीस बोर्डावरचा तो कागद नुसता वाचू नका. पाणी उकळून प्या!